चौफुल्याचं थिएटर म्हणजे डान्स बार नव्हे, ढोलकी फडाचा तमाशाही नव्हे

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्यासारख्या ठिकाणची कला केंद्रं म्हणजे 2005 च्या डान्स बार बंदीनंतर गावाकडे सरकलेले बार, असं बरेच जण ठासून सांगतात. ते चूक आहे. या केंद्रांत चालते ती संगीत बारी, म्हणजे लावणीच्या गाण्या-नाचाचा खेळ, आणि तिची परंपरा त्या बंदीच्या कितीतरी आधीची. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या. जन्म 1915 चा, पद्मश्री 2012 मध्ये.

दुसरा घोटाळा ढोलकी फडाच्या, म्हणजे फिरत्या मंडळींच्या तमाशाशी. ढोलकी फड गावोगाव फिरतो, जत्रांच्या हंगामात तंबू ठोकतो आणि गण, गौळण, बतावणी करत वगावर, म्हणजे नाट्यावर येतो. वगाला सोंगाड्या हवा, राजा हवा, गोष्ट हवी. संगीत बारीत वग नसतोच. इथे नाचगाण्याच्या पार्ट्या थिएटरच्याच आवारात खोल्या घेऊन राहतात. प्रत्येक पार्टीची मालकीण वेगळी, पेटी-तबला-ढोलकीवाले वेगळे. तिकिटाच्या खेळात त्या एकामागून एक रंगमंचावर येतात, म्हणजे ज्या पार्टीची बारी तिने उभं राहायचं. नंतर कुणाला खास ऐकायचं असेल तर बंद खोलीत बैठक.

बैठकीची लावणी हा खरा कस. बाई बसूनच गाते. एकच ओळ पुन्हा घेते आणि दर वेळी भुवई, मनगट, पदर यांनी तिचा अर्थ बदलते. मोठा स्पीकर लावला की ही बारीक अदाकारी पहिली मरते, म्हणून आज तिकिटाच्या खेळात ती फारशी दिसत नाही. दौलतजादा, म्हणजे खूश होऊन पैसे देणं, मात्र खेळात आणि बैठकीत दोन्हीकडे चालते, आणि गैरसमजाचं मूळ बहुधा त्या उधळल्या जाणाऱ्या नोटांतच आहे.