ईमेलच्या एरर कोडची घडण: पार्श्वभूमी

मेल पाठवताना पडद्यावर ४२१, ५३५ किंवा ५५० असा आकडा उमटला की जालन्याच्या बियाणे व्यापाऱ्याच्या पेढीपासून परभणीच्या महाविद्यालयापर्यंत अनेक कार्यालयांत आधी राउटर बंद-चालू केला जातो, मग पासवर्ड पुन्हा टाकून पाहिला जातो. खरे तर अडचण कुठे आहे हे त्या आकड्यातच सांगितलेले असते.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात एसएमटीपी ही मेल पाठवण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी अर्पानेटवर (इंटरनेटच्या पूर्वरूपावर) फाइल पाठवण्यासाठी आधीच रुळलेली तीन अंकी उत्तरांची रीत तीत घेतली. पहिला अंक २ असेल तर काम झाले, ३ असेल तर पुढचा मजकूर हवा आहे, ४ असेल तर सध्या जमत नाही आणि ५ असेल तर याच स्वरूपात पुन्हा पाठवूनही उपयोग नाही. दुसऱ्या अंकातला २ जोडणीविषयी असतो आणि ५ मेल व्यवस्थेविषयी. म्हणून ४२१ म्हणजे जोडणीची तात्पुरती अडचण, तर ५५० म्हणजे मेलबॉक्सच्या बाबतीतला ठाम नकार.

या साऱ्या रचनेत ४ आणि ५ यांतला फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. समोरचे यंत्र बंद असू शकते, हे गृहीत धरूनच ही पद्धत आखली गेली; पाठवणाऱ्या सर्व्हरने साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने प्रयत्न करत राहावे आणि निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असे आजचे मानकही सांगते. दीर्घ भारनियमन सोसलेल्या मराठवाड्यात, एखाद्या संस्थेचा स्वतःचा सर्व्हर वीज गेल्याने बंद पडला तरी त्याच्याकडे येणारी मेल वाटेत थांबून नंतर पोहोचू शकते, ती या तरतुदीमुळेच.

आउटलुक एक्स्प्रेससारख्या, संगणकावर मेल वाचण्या-पाठवण्याच्या प्रोग्रॅमांनी यात स्वतःच्या लांबलचक संकेतांची भर घातली. ०एक्स८००सीसीसी०ई (पडद्यावर 0x800CCC0E) याचा अर्थ सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, म्हणजे तपास इंटरनेट, सर्व्हरचे नाव, पोर्ट (सर्व्हरवर जोडणी ज्या क्रमांकावर होते तो) आणि अँटिव्हायरस यांचा करायचा. सर्व्हरने उत्तर दिलेले असेल, तर तीन अंकी आकडा त्याच संदेशात बहुधा सापडतो आणि तोच आधी वाचावा.

पुढे स्पॅम वाढला, तशी नकाराची कारणेही वाढली. १९९६ मध्ये ५.१.१ (असा पत्ता नाही), ५.२.२ (मेलबॉक्स भरला) असे त्रिभागी संकेत आले. ग्राहकांची मेल स्वीकारण्यासाठी १९९८ मध्ये ५८७ हे पोर्ट नेमले गेले आणि १९९९ मध्ये पाठवतानाही लॉगिन करण्याची सोय मानकात आली. मेल पाठवण्याचे मूळ पोर्ट २५ अनेक इंटरनेट पुरवठादारांनी अडवल्यामुळे जुनी मांडणी तशीच ठेवलेल्या संगणकांवरून मेल जाणे थांबले.

३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्रॅमांना केवळ नाव आणि पासवर्ड देऊन मिळणारा प्रवेश बंद केला. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही ५३५, म्हणजे लॉगिन नाकारल्याचा संकेत, येऊ लागला. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो किंवा गूगलच्या खात्यातून थेट लॉगिन करू देणारा नवा प्रोग्रॅम वापरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्याच्या ओळखीचे नियम आणखी कडक केले आहेत. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरून जीमेलकडे पाठवलेली मेल ५५० आणि ५.७.२६ या संकेतांसह परत आली, तर मेलच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये बदल करून काही साधत नाही. डोमेनच्या डीएनएसमधली (इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीतली) एसपीएफ आणि डीकेआयएमची, म्हणजे मेल खरोखर त्या डोमेनची आहे हे पटवणारी, नोंद दुरुस्त करावी लागते.