अनुक्रमांकातील खंड म्हणजे नोंद हरवणे नव्हे

लिनक्समध्ये सेवा (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टम-डीची एक नोंदवही असते, तिला जर्नल म्हणतात. तिच्यात प्रत्येक नोंदीला चढता अनुक्रमांक मिळतो. २०२३ मध्ये आलेल्या २५४ व्या आवृत्तीपासून जेसन या मजकुरी स्वरूपातील आउटपुटमध्ये तो थेट दिसत असल्यामुळे, मधले क्रमांक गायब आहेत म्हणजे लॉग (नोंदी) गहाळ झाले किंवा कोणी पुसले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

क्रमांक देणारा काउंटर एकच असतो, पण नोंदी अनेक फायलींत विभागल्या जातात. सेवांच्या नोंदी सिस्टमच्या फायलीत जातात आणि लॉग-इन केलेल्या प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या फायलीत जातात. त्यामुळे सिस्टमच्या फायलीत ५०२ नंतर एकदम ५१० दिसला, तर मधल्या सात नोंदी वापरकर्त्याच्या फायलीत सुखरूप असू शकतात. साध्या वापरकर्त्याला इतरांच्या फायली वाचण्याची परवानगी नसते, म्हणून त्याला असे खंड अधिक दिसतात. फक्त एकाच सेवेच्या नोंदी निवडून पाहिल्या तरी हेच घडते.

खरा तोटा मात्र बहुधा क्रमांकांत उमटतच नाही, आणि हीच बाब अधिक गंभीर आहे. एखाद्या सेवेने ३० सेकंदांत १०,००० संदेशांची मूळ मर्यादा (डिस्कवर जागा मोकळी असेल तर ती वाढते) ओलांडली, तर पुढचे संदेश फायलीत लिहिण्याआधीच टाकून दिले जातात. क्रमांक लिहिताना मिळत असल्यामुळे या संदेशांना तो कधी मिळतच नाही, आणि मालिका अखंड दिसत राहते. तोट्याची खूण म्हणून उरते ती फक्त इतके संदेश दाबले गेल्याचे सांगणारी जर्नलची स्वतःची नोंद. म्हणून तपास करताना आधी ही नोंद शोधावी.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे स्वतंत्र क्रमांक कर्नलच देतो. मर्यादित आकाराच्या बफरमधील (तात्पुरत्या साठ्यातील) जुने संदेश वाचले जाण्यापूर्वीच नव्यांनी पुसले गेले, तर त्या क्रमांकांत पडलेला खंड हा खराच तोटा असतो, आणि किती संदेश निसटले हे जर्नल नोंदवून ठेवते.

जागा वाचवण्यासाठी जुन्या फायली हटवल्या गेल्या, तरीही खंड पडतो. शेवटी, क्रमांकांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही नोंदींच्या मालिकेची ओळखसंख्या (क्रमांक कोणत्या मालिकेतले आहेत हे सांगणारी) एकच आहे ना, हे पाहावे. ती वेगळी असेल, तर त्या क्रमांकांमधील अंतराला काहीच अर्थ उरत नाही.