गाडीतली हवा, गडावरची हवा

साताऱ्यात घराबाहेर पडून मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाही तो दिसत होता, पण तिथे जायची सोय नव्हती. त्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या सूचना आल्या. ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांबरोबर १० वर्षांखालच्या मुलांनीही घरातच थांबावं, असं त्यांत म्हटलं होतं. जूनमध्ये राज्याने पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात उघड्यावर चालायला, पळायला, सायकल फिरवायला मोकळीक दिली. लहान मुलांसोबत मोठं माणूस हवं, एवढी अट होती. पहिली ते चौथीचे वर्ग मात्र थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हा आयुष्याचा चौथ्या हिश्श्याहून मोठा तुकडा झाला.

या काळात कितीतरी आईबाप एकाच प्रश्नात अडकले होते: पोरांना गडावर न्यायचं का? बहुतेकांनी भीतीपोटी नेलं नाही. ज्यांनी नेलं, त्यांतल्या अनेकांनी काळजी नको तिथे घेतली आणि हवी तिथे घेतली नाही. चढावर मुलाच्या नाकावरचा मास्क दहा वेळा वर ओढला, आणि येताना दोन कुटुंबं एकाच गाडीत काचा लावून बसली. साथ पुन्हा कोणती आणि कधी येईल ते सांगता येत नाही, पण श्वासावाटे पसरणारा आजार असेल तर हवेचे नियम तेच राहणार आहेत.

आपण बोलतो, हसतो, धापा टाकतो तेव्हा तोंडा-नाकातून बारीक थेंब बाहेर पडतात. १०० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा थेंब दीड मीटर उंचीवरून पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत तेवढंच अंतर उतरायला अर्धा तास घेतो आणि १ मायक्रॉनचा कण कित्येक तास तरंगत राहतो. बंद खोलीत असे कण साठत जातात. उघड्यावर वाऱ्याची साधी झुळूकही त्यांना काही क्षणांत दूर नेते आणि प्रचंड हवेत विरळ करून टाकते. वर ऊन असतंच. प्रयोगशाळेत कृत्रिम सूर्यप्रकाशाखाली लाळेच्या सूक्ष्म कणांमधला कोरोना विषाणू २० मिनिटांच्या आत ९० टक्के निष्क्रिय झालेला आढळला होता.

प्रत्यक्ष साथीतही हेच दिसलं. चीनमध्ये ४ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२० या काळातल्या, तीन किंवा अधिक रुग्ण असलेल्या ३१८ उद्रेकांचा संशोधकांनी माग काढला. ते सगळे बंद जागांतले होते: घरं, वाहनं, खानावळी, दुकानं. उघड्यावर झालेली लागण त्यांना एकाच घटनेत सापडली. हेनान प्रांतातला २७ वर्षांचा एक तरुण वुहानहून परतलेल्या ओळखीच्या माणसाशी बाहेर उभं राहून बोलला होता. उघड्यावरची लागण शोधून काढणं मुळात अवघड असतं, त्यामुळे काही घटना निसटल्या असतील हे मान्य करायला हवं. तरीही बंद आणि उघड्या जागांमधली तफावत एवढी मोठी आहे की निष्कर्ष बदलत नाही. त्या एकमेव घटनेतही समोरासमोर उभं राहून केलेल्या गप्पा होत्या. कुणी शेजारून चालत गेलं म्हणून लागण झाली, असं तिथे घडलेलं नव्हतं.

आता गाडीचा हिशोब मांडू. साताऱ्याहून कासचं फुलांचं पठार सुमारे २५ किलोमीटर आहे. यवतेश्वरचा घाट चढून जायला पाऊण तास तरी लागतो. लहान मोटारीत साधारण ३,००० लिटर हवा मावते. निवांत बसलेलं मोठं माणूस मिनिटाला सातेक लिटर हवा आतबाहेर करतं. मुलं कमी घेतात, तेव्हा पाच जणांचे मिळून मिनिटाला ३० लिटर धरू. काचा बंद आहेत, एसी आतलीच हवा फिरवतोय आणि बाहेरची हवा अजिबात येत नाही असं मानलं, तर पाऊण तासात १,३५० लिटर श्वास त्या डब्यात सोडला जातो. काही हवा दोनदा मोजली गेली हे धरूनही, कासला पोचेपर्यंत गाडीतल्या हवेचा तिसरा हिस्सा कुणाच्या ना कुणाच्या फुप्फुसातून जाऊन आलेला असतो. वडापच्या, म्हणजे सीटमागे भाडं घेणाऱ्या खासगी जीपमध्ये माणसं दुप्पट असतात. तिथला हिशोब तुम्हीच करा.

गाडीत घरातलीच माणसं असतील तर घाबरायचं कारण नाही. ती रात्रभर एकाच छपराखाली एकमेकांची हवा घेतच असतात. मामाचं किंवा शेजारचं कुटुंब सोबत येणार असेल, तर मात्र गाड्या वेगळ्या हव्यात. ते जमत नसेल तर काचा उघड्या ठेवायच्या. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये धावत्या मोटारीतल्या हवेच्या प्रवाहाचं संगणकावर गणित मांडलं. सगळ्या काचा उघड्या असणं त्यात सर्वांत चांगलं ठरलं. दोनच उघडायच्या असतील, तर आपल्या शेजारच्या काचेपेक्षा पलीकडच्या बाजूची काच उघडणं जास्त उपयोगाचं निघालं, कारण त्यामुळे दोन माणसांच्या मधून वाहत्या हवेचा पडदा तयार होतो.

गडावरही सगळी जागा सारखी नसते. महादरवाज्याच्या बुरुजांमधल्या अरुंद जागेत सगळे दम खायला थांबतात आणि तिथेच वारा कमी असतो. थांबायचंच असेल तर चार पावलं पुढे जाऊन, वारं अंगावर येतं तिथे थांबावं. हिवाळ्यातली अगदी भल्या पहाटेची वेळ मला मुलांसाठी पसंत नाही. सातारा डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत वसलंय. थंडीच्या रात्री उतारांवरची गार, जड हवा खाली उतरून शहरावर बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. शेकोट्यांचा, कचरा जाळल्याचा धूर त्याखाली अडकतो. तो करडा थर गडावरून स्पष्ट दिसतो. ऊन वर आलं की जमीन तापते, हवा उतारावरून वर सरकू लागते आणि थर मोडतो. मूल घेऊन सूर्योदयानंतर तासाभराने निघावं.

आता मुलाच्या पायांकडे येऊ. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल.

‘चल लवकर, किती रेंगाळतोस!’ हे वाक्य साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकाच्या वाटेवर रोज ऐकू येतं. मूल रेंगाळत नसतं. चालताना आपलं शरीर टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखं पुढे झुकत जातं, आणि लंबकाचा वेग त्याच्या लांबीवर ठरतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने जहाजांसाठी मांडलेलं एक गुणोत्तर चालण्यालाही लागू पडतं: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांचा गुणाकार. हा आकडा पाव असतो तेव्हा चाल सगळ्यात आरामाची असते. तो अर्ध्यावर गेला की चालणं परवडत नाही आणि शरीर आपोआप पळू लागतं.

मोठ्या माणसाचा पाय ९० सेंटिमीटर धरला तर त्याची आरामाची चाल ताशी साधारण ५.३ किलोमीटर येते. चार-साडेचार वर्षांच्या मुलाचा पाय ४५ सेंटिमीटर धरला तर त्याची आरामाची चाल ३.८ येते. आणि या मुलाला चालणं सोडून पळावं लागतं तो वेग किती? तोही ५.३. बाबा ज्या वेगाने मजेत चालतात, नेमक्या त्याच वेगाला मुलाची चालण्याची हद्द संपते. बोट धरून शेजारून दुडुदुडु धावणारं मूल उत्साहाने धावतंय असं आपल्याला वाटतं, पण त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. हा हिशोब सपाट रस्त्याचा झाला. चढावर सगळ्यांचाच वेग उतरतो, पण पायऱ्यांची आणि दगडांची उंची मोठ्यांच्या पायाला साजेशी असते. आपण सहज टाकतो ते पाऊल त्याच्या गुडघ्याएवढं असतं. त्यात लहान मुलाला चालायला दर किलो वजनामागे मोठ्यांपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. म्हणून गडावर घराचा वेग सगळ्यात धाकट्याने ठरवावा आणि त्यालाच पुढे चालू द्यावं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. १९९५ मध्ये अमेरिकेत ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या हालचाली सेकंदांच्या हिशोबाने टिपल्या गेल्या. मुलांची जोराची हालचाल बहुधा ३ सेकंद टिकायची आणि अशा हालचालींपैकी ९५ टक्के १५ सेकंदांच्या आत संपायच्या. धाव, थांब, वाक, बघ, पुन्हा धाव ही मुलांच्या शरीराची घडणच आहे. त्यांचे स्नायू प्राणवायूवर चालणाऱ्या ऊर्जेवर जास्त भर देतात आणि थकल्यावर झपाट्याने सावरतात. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांवर झालेल्या २०१८ च्या एका अभ्यासात जोराच्या व्यायामानंतर सावरण्याचा त्यांचा वेग तरबेज धावपटूंच्या तोडीचा निघाला. त्यामुळे ‘दमलो, उचल मला’ म्हणणारं मूल दोन मिनिटांनी फुलपाखरामागे पळतं तेव्हा ते नाटक करत नसतं. ते आधी खरंच दमलेलं असतं आणि नंतर खरंच सावरलेलं असतं.

सावरायला निमित्त हवं, आणि साताऱ्याच्या डोंगरांवर पावसाळ्याअखेरीस निमित्तांना तोटा नाही. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, पाणी झिरपतं तिथे वाटेच्या कडेला उकिडवं बसून बघा. पैशाएवढं तांबूस रोप असतं, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. हा दवबिंदू. एखादी चिलटासारखी माशी त्यात अडकलेली असते आणि केस हळूहळू तिच्यावर वाकत असतात. सड्याच्या मातीत नत्र कमी, म्हणून हे रोप किडे खातं. पाच वर्षांचं मूल हे बघत पाच मिनिटं हलत नाही, आणि तेवढ्यात त्याचे पाय पुढच्या चढाला तयार होतात. कासला फुलांमध्ये पाय टाकायचा नाही, हेही त्याला याच वयात सांगावं.

मास्कचं उत्तर सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको असंच सांगितलं होतं. मोठ्या मुलांनीही पळताना, खेळताना तो काढावा, कारण घामाने भिजलेल्या कापडातून श्वास ओढणं जड जातं. त्याची खरी जागा वडापमध्ये आणि चहाच्या टपरीवरच्या गर्दीत आहे.

घरात कोंडून राहण्याची किंमत डोळ्यांनीही मोजली. चीनमधल्या शानदोंग प्रांतातल्या शाळांत दरवर्षी मुलांचे डोळे तपासले जात. आधीच्या पाच वर्षांत ६ वर्षांच्या मुलांमध्ये लघुदृष्टी, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, जास्तीत जास्त ५.७ टक्क्यांना दिसली होती. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये ती २१.५ टक्क्यांवर गेली. घरात उजेड १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर सावलीतही त्याच्या कितीतरी पट, उन्हात ५० हजारांच्या पुढे. प्रखर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि बुबुळामागचा डोळा गरजेपेक्षा लांब वाढण्याला त्यामुळे आळा बसतो, असं मानलं जातं. ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा बाहेरचा तास दिला, तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेल्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं; असा तास नसलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होतं. गडावरची एक सकाळ या हिशोबात थेट जमा होते.

पाठुंगळीला घेतलेल्या मुलाबद्दल एक सांगायलाच हवं. चढणारे बाबा घामाने भिजतात, पण पाठीवरचं मूल काहीच हालचाल करत नसतं. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचा मोठ्यांच्या दीडपट असते, म्हणून ते वाऱ्यात लवकर गारठतं आणि एप्रिलच्या उन्हात लवकर तापतं. आपल्याला उकडतंय म्हणून त्याचा स्वेटर काढू नका. त्याच्या मानेमागे हात लावून बघा.

खाऊ थोडा-थोडा, सारखा द्यावा, कारण मुलांच्या स्नायूंतला साखरेचा साठा लहान असतो. धपाटं, केळं, दशमी काहीही चालेल. फक्त गूळ-शेंगदाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या मुठीत देऊ नका. दाढा नीट आलेल्या नसतात, मूल धापा टाकत, हसत खातं, आणि अख्खा दाणा श्वासनलिकेत जातो. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेतून डॉक्टर जे काढतात त्यात शेंगदाणा सगळ्यात वरच्या क्रमांकावर आहे. कुटाचा मऊ लाडू द्या, तोही बसून.

आजारातून उठलेल्या मुलाला ताप, खोकला पूर्ण गेल्यावर आधी अंगणात, मग गल्लीत, मग छोट्या टेकडीवर असं न्यावं. छातीत दुखतं, धडधडतं, चक्कर येते असं म्हणालं तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावं. कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांमध्ये शरीरभर दाह होतो: ताप उतरत नाही, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ येतं, पोट दुखतं. हे क्वचित होतं, पण त्यात हृदयाला इजा होऊ शकते. तेव्हा आजार होऊन महिना झाला असला तरी असा ताप आला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जावं आणि महिन्यापूर्वीच्या आजाराबद्दल त्यांना आवर्जून सांगावं.