दट्ट्या दाबण्याआधी: फ्रेंच प्रेसमधलं विज्ञान

फ्रेंच प्रेस म्हणजे धातूची जाळी लावलेला दट्ट्या असलेलं कॉफीचं भांडं. त्यात कॉफी तयार होते ती दट्ट्या वर असतानाच. काचेच्या भांड्यात जाडसर पूड, तिच्यावर गरम पाणी आणि मग काही मिनिटं नुसतं मुरू देणं, एवढ्यात रसायनशास्त्राचं बहुतेक काम उरकतं. दट्ट्या खाली गेला की पूड तळाशी अडकते. पण आपला सगळा जोर नेमका त्या क्षणी लागतो आणि कप बिघडतो तोही तिथंच.

नाव फ्रेंच असलं तरी या भांड्याची वंशावळ सरमिसळ आहे. मायर आणि देलफोर्ज या फ्रेंच जोडीचं पेटंट १८५२ चं. १९२९ मध्ये मिलानच्या अत्तिलियो कॅलिमानीनं सुधारलेल्या रूपाचं पेटंट घेतलं आणि १९५८ मध्ये फालिएरो बोन्दानिनीनं आणखी एक. हे शेवटचं भांडं फ्रान्समध्ये, क्लॅरिनेट बनवणाऱ्या कारखान्यात तयार होऊ लागलं आणि तिथून घराघरांत पोचलं.

दाक्षिणात्य पितळी फिल्टरमध्ये पाणी पुडीतून झिरपत खाली उतरतं. वरून येणारं प्रत्येक थेंबभर पाणी नवं असतं, त्यामुळे ते पुडीतला विरघळणारा भाग काढत राहतं. फ्रेंच प्रेसमध्ये मात्र सुरुवातीला ओतलं तेवढंच पाणी शेवटपर्यंत असतं. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पुडीच्या एकूण वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर चव समतोल लागते, हे गणित १९५० च्या दशकात अमेरिकेत संशोधक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी मांडलं. कमी उतरली तर कॉफी आंबट आणि पातळ, जास्त उतरली तर कडू आणि तुरट.

आता गंमत बघा. मुरणाऱ्या कॉफीत पाणी जसजसं दाट होतं, तसतशी दाण्याच्या आतली आणि बाहेरची तफावत कमी होते आणि विरघळणं मंदावतं. अखेर समतोल येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे मोजून दाखवलं. पुरेसा वेळ दिला, तर विरघळलेला भाग २१ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. पाणी ८० अंशांचं होतं की ९९, दळण जाड होतं की बारीक, याचा या शेवटच्या आकड्यावर फारसा परिणाम झाला नाही. त्यानं बदलतो तो तिथवर पोचण्याचा वेग. म्हणूनच हे भांडं नवशिक्याला सांभाळून घेतं. मिनिटभर उशीर झाला म्हणून कॉफी वाया जात नाही. किती कडक हवी ते ठरतं पूड आणि पाण्याच्या प्रमाणावर, आणि तिथं मात्र अंदाजपंचे चालत नाही. ३० ग्रॅम पुडीला अर्धा लिटर पाणी हे चांगलं प्रमाण. चमच्यानं मोजण्यापेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरावा, कारण गडद भाजलेली पूड हलकी आणि फुगीर असते आणि त्याच चमच्यात कमी मावते.

पाण्याबद्दल थोडंसं. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट क्षार कॉफीतली आम्लं मारून टाकतात. उत्तम दाणे आणूनही कॉफी सपक लागत असेल, तर आधी पाण्यावर संशय घ्या.

पाणी ओतल्यावर पूड फसफसून वर येते आणि जाड साय धरते. भाजताना दाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे कणांना तरंगत ठेवतात. पूड जितकी ताजी भाजलेली, तितकी साय जाड. चार मिनिटांनी ती चमच्यानं हलकेच मोडली की वायू निसटतो आणि बहुतेक कण बुडतात.

इथून पुढचा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच बहुतेक जण देत नाहीत. कुठल्याही दळणात जाड कणांबरोबर पिठासारखा बारीक चुरा असतोच. तो धातूच्या जाळीतून सहज पार होतो आणि कपात साका होऊन बसतो. द्रवात कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. दहापट बारीक कण शंभरपट हळू खाली जातो. गढूळ पाणी हंड्यात निवळू देतात, तशी ही कॉफीही आणखी चार-पाच मिनिटं निवळू द्यावी. मग दट्ट्या तळापर्यंत रेटूच नये. जाळी पृष्ठभागाच्या जरा खाली आणून थांबावं आणि भांडं हळू कलतं करून ओतावं. जोरात दाबलं की खाली बसलेला चुरा पुन्हा उसळतो. तोवर कॉफी थोडी निवते, पण पोळत्या कॉफीपेक्षा अशा कोमट होत आलेल्या कॉफीत चव जास्त कळते.

दुकानात ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणारी पूड मात्र इथं वापरू नका. ती बारीक दळलेली असते, शिवाय तिच्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड असते. चिकोरीचा कॉफीपेक्षा कितीतरी मोठा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे वरचं सगळं गणित कोलमडतं. बारीक पुडीनं जाळी तुंबली आणि तरीही दट्ट्या रेटला, तर गरम कॉफी कडेनं उसळून हात भाजू शकतो. दाणे विकणाऱ्याकडून जाड रव्याएवढं दळून घ्यावं.

एक गोष्ट चवीपलीकडची. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं. कागदी गाळणी ते अडवते, धातूची जाळी अडवत नाही. प्रेसच्या कॉफीचा भरीव, स्निग्ध पोत याच तेलातून येतो, पण कॅफेस्टॉल यकृताच्या कामात ढवळाढवळ करून रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवतं. गाळलेली आणि न गाळलेली कॉफी यांतला हा फरक १९८० च्या दशकात नॉर्वेतल्या उकळलेल्या कॉफीवरून लक्षात यायला लागला. नेदरलँड्समध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिने रोज पाच-सहा कप कडक प्रेस कॉफी पिणाऱ्यांचं एलडीएल सुमारे दहा टक्क्यांनी वाढलं. दिवसाला एखादा कप घेणाऱ्या निरोगी माणसानं धास्ती घ्यावी असं यात काही नाही. कोलेस्टेरॉल आधीच जास्त असेल, तर प्रेसमधली कॉफी कागदी गाळणीतून एकदा गाळून घ्यावी. पोत थोडा हरवतो, पण कॅफेस्टॉल जवळजवळ सगळं कागदात राहतं.