वर्क ऑर्डर लिहिणाऱ्याची पात्रता कोण ठरवतं? देखभाल प्लॅनरच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत कोणी ना कोणी कोयलीच्या रिफायनरीत, जीएसएफसी या खत कारखान्याच्या फर्टिलायझरनगरला किंवा जुन्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत नोकरी केलेलं असतं. अशा घरात शटडाऊन म्हणजे देखभालीसाठी प्लांट काही दिवस बंद ठेवणं, हे समजावून सांगावं लागत नाही. बॉयलर अटेंडंटला परीक्षा द्यावी लागते, वेल्डरची चाचणी होते, सेफ्टी ऑफिसरची पात्रता कायद्याच्या चौकटीत ठरलेली आहे, हेही तिथं माहीत असतं. पण कोणती लाइन (पाइप) उघडायची, त्याआधी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, कुठे घालायची, माणसं किती आणि वेळ किती, हे सगळं वर्क ऑर्डरवर, म्हणजे कामाच्या लेखी आदेशावर, मांडणाऱ्या प्लॅनरचं नाव २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्यात कुठेच नव्हतं. या हुद्द्याचा इतिहास पाहिला की त्याचं कारण कळतं. प्लॅनर हे पद वेळ वाचवण्यासाठी तयार झालं. त्याच्या कागदावर माणसांचे जीव अवलंबून असतात, हे फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून लक्षात आलं.

काम ठरवणारा वेगळा आणि करणारा वेगळा, ही विभागणी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं रुजवली. त्याचा ग्रंथ १९११ सालचा. त्याच्या योजनेत कारखान्यातल्या नियोजन खोलीत एक कारकून फक्त सूचनापत्रकं लिहायचा. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत, म्हणजे कोणती कामं लांबली तर सगळंच लांबेल ते आधी काढायची रीत, तयार झाली आणि लुईव्हिलच्या कारखान्यात ती देखभालीला लावल्यावर १२५ तासांचं शटडाऊन ९३ तासांवर आलं. तेव्हापासून प्लॅनर चांगला की वाईट, हे तासांवरून ठरू लागलं. आजही शटडाऊनच्या रोजच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच असतो.

बडोद्याकडे तांत्रिक शिक्षणाची मोठी पुण्याई होती. सयाजीराव महाराजांनी कलाभवन १८९० मध्ये सुरू केलं. कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीनं उभी राहून १९६५ मध्ये चालू झाली. जीएसएफसीचं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं आणि १९६९ मध्ये आयपीसीएलची स्थापना झाली. या कारखान्यांना इंजिनीअर आणि फिटर मिळाले. आयटीआयमध्ये केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर, मेंटेनन्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असे खास ट्रेडही आले. प्लॅनरचा ट्रेड मात्र निघाला नाही. अनुभवी फिटरला किंवा फोरमनला प्लॅनिंग सेलमध्ये बसवायचं, ही सगळीकडचीच रीत राहिली.

१ जून १९७४ रोजी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोचा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. तो कारखाना कॅप्रोलॅक्टम बनवत असे, आणि त्यासाठी सायक्लोहेक्झेन वापरत असे. जीएसएफसीमुळे कॅप्रोलॅक्टम हे नाव बडोद्यालाही परकं नाही. ओळीतल्या सहा रिअॅक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला, म्हणून तो काढून चौथा आणि सहावा २० इंची पाइपानं जोडले. त्या पाइपाचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेली आकृती. वर्क्स इंजिनीअरची जागा रिकामी होती आणि बेलोजवर (पाइपाच्या लवचीक सांध्यांवर) किती ताण येईल, याचा हिशोब कोणी केला नव्हता. काम लवकर उरकलं आणि उत्पादन पुन्हा सुरू झालं. तासांच्या मापानं पाहिलं, तर ते नियोजन उत्तमच ठरलं असतं.

भोपाळबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा मागे राहते. २ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री फ्लेअरकडे, म्हणजे सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या उंच चिमणीकडे, जाणाऱ्या पाइपाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. म्हणजे देखभालीचं एक काम अर्धवट असताना संरक्षणाची एक फळीच जागेवर नव्हती. त्यानंतर १९८६ मध्ये तेल उद्योगासाठी ओआयएसडी हे सुरक्षा संचालनालय स्थापन झालं. त्याचं १०५ क्रमांकाचं मानक वर्क परमिटचं, म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीचं आहे. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांवरचं प्रकरण आलं. त्यातलं ४१सी हे कलम घातक पदार्थांच्या हाताळणीवर देखरेख करणारा माणूस पात्र आणि अनुभवी असावा, असं सांगत होतं. देखरेख करणाऱ्यावर कायद्याची नजर गेली, पण काम आखणाऱ्यावर गेली नाही.

पुढचा मोठा धडा ६ जुलै १९८८ च्या पायपर अल्फाचा. उत्तर समुद्रातल्या त्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. एकाच कंडेन्सेट पंपावर दोन कामं होती, एक पंपाचं आणि दुसरं त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं. दोन्हींची परमिटं वेगळी होती. व्हॉल्व्ह काढून त्या जागी नुसता ब्लाइंड फ्लँज बसवलेला होता आणि ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचली नाही, म्हणून त्यांनी तोच पंप सुरू केला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं १०६ शिफारशी केल्या. त्यात परमिटवर भर होता आणि तो योग्यच होता. तरीही मला वाटतं, एकाच यंत्रावरची दोन कामं एकमेकांशी जोडून दाखवणं हे परमिट निघण्याच्या आधीचं, म्हणजे प्लॅनरच्या टेबलावरचं काम आहे.

प्रशिक्षणाची शिस्त खऱ्या अर्थानं अणुऊर्जा क्षेत्रात आली. १९७९ मधल्या थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर अमेरिकी अणुवीज कंपन्यांनी इन्पो ही संस्था काढली आणि पद्धतशीर प्रशिक्षणाचा मार्ग धरला. आधी कामाचं विश्लेषण, मग त्यावरून अभ्यासक्रम, मग साहित्य, शिकवणं आणि शेवटी मूल्यमापन. १९९३ मध्ये तिथल्या नियामकानं तो नियमात आणला आणि नऊ गटांना लागू केला. यांत्रिक, विद्युत आणि इन्स्ट्रुमेंटचे देखभाल कर्मचारी त्या यादीत आहेत. प्लॅनर वेगळ्या नावानं तिथेही नाही.

आणि तरीही प्लॅनिंगकडे बोट दाखवणारी सगळ्यात स्पष्ट घटना रिफायनरीतच घडली. २३ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात टॉस्कोच्या एव्हन रिफायनरीत चार कामगार जळून मेले. कच्चं तेल वेगळं करणाऱ्या फ्रॅक्शनेटर टॉवरवरची नॅफ्थाची (पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही द्रवाची) लाइन गळत होती. गळती १० फेब्रुवारीलाच सापडलेली. पुढचे दिवस लाइन रिकामी करण्याचे प्रयत्न झाले, पण ती आतून तुंबलेली होती आणि लाइन बाकी प्लांटपासून तोडणारा आयसोलेशनचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. लाइनमध्ये नॅफ्था आहे, हे माहीत असूनही युनिट चालू ठेवून पाइप कापायला घेतला आणि सांडलेला नॅफ्था तापलेल्या टॉवरवर पेटला. चौकशी मंडळाला आढळलं, की हे काम कमी जोखमीची नेहमीची देखभाल म्हणूनच धरलं गेलं होतं. लाइन रिकामी होत नाही, हे पहिल्यांदा कळलं, तेव्हाच कामाचा वर्ग बदलायला हवा होता आणि युनिट बंद करण्याचा विषय वर न्यायला हवा होता. हे ओळखणं आणि अडून बसणं प्लॅनरला शिकवावं लागतं. चांगला फिटर असला, की ते आपोआप येतं, असं नाही. सॅप या संगणक प्रणालीच्या स्क्रीनवर वर्क ऑर्डर उघडायला आठवडाभरात शिकवता येतं, पण त्याला प्लॅनरचं प्रशिक्षण म्हणता येत नाही.

पात्रतेची कसोटी कशी असावी, हे या अपघातांतूनच दिसतं. पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचा आराखडा, हातात घेऊन उमेदवारानं जागेवर लाइन शोधावी, ब्लाइंडची यादी स्वतः करावी, ड्रेन आणि व्हेंट (द्रव काढायच्या आणि वायू सोडायच्या वाटा) दाखवावेत, आणि काम ठरल्याप्रमाणे होत नसेल, तर कुठे थांबायचं, हे प्लॅनमध्येच लिहावं. तो प्लॅन त्या एरियाचा ऑपरेटर, काम करणारा फिटर आणि सेफ्टी ऑफिसर अशा तिघांनी तपासावा. प्लांटमध्ये बदल झाला, की कसोटी पुन्हा द्यावी. राज्याच्या नियमांत, जुन्या ४१सी मधल्या देखरेख करणाऱ्याच्या शेजारी प्लॅनरचीही जागा असावी, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात निकड आहे ती कंत्राटदाराच्या प्लॅनरची. तो शटडाऊनपुरता येतो, युनिट त्याला नवखं असतं आणि सगळ्यात जास्त वर्क ऑर्डर त्याच दिवसांत निघतात. एरिया ऑपरेटरबरोबर लाइन चालून पाहिल्याशिवाय त्याला पहिली वर्क ऑर्डर लिहू देऊ नये. एवढं करायला कोणत्याही कारखान्याला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.