पडदा काळा, तरी बाण पांढरा

पडदाभर काळी खिडकी उघडली की माउसचा बाण तिच्याखाली झाकला जाईल, असं पहिल्यांदा स्क्रीनसेव्हर लिहिणाऱ्याला हमखास वाटतं. चालवून बघावं तर काळ्याकुट्ट पडद्यावर पांढरा बाण ठाण मांडून बसलेला!

कारण बाण त्या चित्रात नसतोच. पडद्याचं चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत एकीकडे, बाणाचं इवलंसं चित्र, बहुधा ६४ बाय ६४ ठिपक्यांचं, दुसरीकडे. कार्ड मॉनिटरला एकेक ओळ धाडतं तेव्हा बाणाची जागा आली की त्याचे ठिपके ऐनवेळी वर बसवतं. म्हणून तर एखादा प्रोग्रॅम पार गोठला तरी बाण फिरत राहतो. खाली कितीही काळं फासा, बाण वरच.

तेव्हा बाण झाकायचा नाही, कोरा द्यायचा. विंडोजच्या दुरंगी बाणात दर ठिपक्याला दोन बिट असतात, एक 'अँड' मुखवट्याचा (खालचा रंग ठेवायचा की पुसायचा), एक 'एक्सॉर'चा (त्यावर काय चढवायचं). ०-० म्हणजे काळा, ०-१ पांढरा, १-० पारदर्शक, १-१ म्हणजे खालचा रंग उलटा. ३२ बाय ३२च्या बाणाला प्रत्येक मुखवट्याचे १२८ बाइट लागतात. अँडचे सगळे २५५ (म्हणजे बाइटचे आठही बिट १) भरायचे, एक्सॉरचे सगळे शून्य. दोन्हीकडे शून्य भरलं की बाणाचा काळा चौकोन होतो. काळ्या पडद्यावर तो दिसत नाही, काम फत्ते वाटतं. मग स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहायला लागतात आणि एकाची शेपटी अधेमधे गडप होते. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या 'एक्स विंडो' यंत्रणेत गणित उलटं: मुखवट्यात ० म्हणजे पारदर्शक. तिथे १ बाय १चा कोरा बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) पुरतो. 'बाण नाही' असं सांगून मात्र भागत नाही, कारण मग जिच्या पोटात ही खिडकी आहे त्या मूळ (पेरेंट) खिडकीचा बाण वारशाने येतो.

(स्क्रीनसेव्हरने वीज वाचते म्हणणाऱ्यांनी हे मासे पोहायला ग्राफिक्स कार्ड किती राबतं ते बघावं. वीज वाचवायची तर पडदा बंद करा.)

विंडोजवर 'शोकर्सर' (बाण दाखवायची-लपवायची तयार आज्ञा) हा सोपा मार्ग आहे, पण ते बटण नव्हे, मोजणी आहे. सुरुवात शून्यापासून, 'लपव' म्हटलं की एक कमी, 'दाखव' म्हटलं की एक जास्त. आकडा शून्य किंवा वर असेल तरच बाण दिसतो. माउस हलल्याच्या दर निरोपाला 'लपव' म्हणत गेलात तर आकडा उणे ४०वर जाईल, मग एका 'दाखव'ने काय होणार? एकदाच म्हणा, खिडकी उघडताना.

शिवाय खिडकी उघडताच विंडोज माउस न हलताही 'हलला' असा निरोप देतं. त्यावर विसंबलेला स्क्रीनसेव्हर उघडताक्षणी मिटतो. पहिली जागा टिपून ठेवा, बाण तिथून चार-पाच ठिपक्यांहून जास्त सरकला तरच बाहेर पडा.

आणि '/पी' देऊन चालवलं असेल, म्हणजे सेटिंग्जमधला छोटा नमुना दाखवायचा असेल, तर बाणाला हात लावू नका. नाहीतर त्या चौकटीवरून जाताना बाण नाहीसा होतो आणि माणूस माउस आपटत बसतो.