पीयूसीच्या नळीला ऑक्टेन का दिसत नाही?

कोल्हापुरात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या) पेट्रोल गाड्या वाढल्या, तसा पीयूसी केंद्रावर एक प्रश्नही वाढला: महागडं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर रीडिंग कमी येईल का? बहुतेक वेळा फरक पडत नाही. का, ते समजायला जरा मागे जावं लागेल.

स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, ते नॉकिंग; ते टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना त्यावर टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाचा उतारा सापडला. त्याच दशकात ग्रॅहॅम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून मोजपट्टी दिली. शिशामुळे ऑक्टेन स्वस्तात वाढलं आणि तेच शिसं पुढची कित्येक दशकं धुरातून लहान मुलांच्या रक्तात जात राहिलं. मोटारींच्या इतिहासात इतका घातक शॉर्टकट दुसरा क्वचितच असेल.

टर्बोने नॉकिंगचा प्रश्न अधिक तीव्र केला, कारण हवा दाबून भरली की सिलिंडरमधला दाब आणि तापमान दोन्ही चढतात. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये नॉकिंग रोखायला मेथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारलं जाई. ती टाकी भरायला लोक विसरत. खरा तोडगा साब या स्वीडिश मोटार कंपनीने १९८२ च्या सुमारास आणला: इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ठोक ऐकतो आणि त्यावरून बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, कमी केला जातो. आजचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्याबरोबर स्पार्कही मागे घेतो, म्हणजे थोडा उशिरा देतो. म्हणून कमी ऑक्टेनवर गाडी खडखडत नाही, फक्त पिकअप मरतो.

इथेच प्रदूषणाचा संबंध येतो. स्पार्क उशिरा पडला की एक्झॉस्ट जास्त तापतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळवणारा भाग) आणि टर्बो वाचवायला ईसीयू जादा पेट्रोल सोडतो. मिश्रण रिच झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, की कार्बन मोनॉक्साइड (सीओ) जाळायला कन्व्हर्टरला ऑक्सिजन पुरत नाही, आणि सीओ तसाच बाहेर पडतो. आंबा घाटात किंवा करूळ घाटात चार माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून चढताना हे घडू शकतं.

पीयूसीची तपासणी मात्र उभ्या गाडीवर होते. सायलेन्सरमध्ये नळी, इंजिन आधी स्लोवर, मग साधारण २५०० आरपीएमवर. बीएस-४ या प्रदूषण मानकापासूनच्या पेट्रोल कारला स्लोवर सीओ ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत लागतो. वाढवलेल्या आरपीएमवर सीओ ०.२ टक्के आणि लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं) १ च्या अगदी जवळ. इंजिनवर भार नाही, त्यामुळे बूस्ट जवळजवळ नाही. मग नॉकिंग कुठून येणार? ऑक्सिजन सेन्सर मिश्रण जागेवर ठेवतो. ९१ घाला की ९५, नळीला सारखंच. ही चाचणी कन्व्हर्टर आणि सेन्सर धड आहेत का, हे चांगलं सांगते. इंधनाबद्दल फारसं काही नाही.

कन्व्हर्टर आला म्हणूनच शिशाला जावं लागलं, कारण शिसं त्यातला उत्प्रेरक निकामी करतं. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. नव्या मॉडेलला मंजुरी देणारी चाचणी रोलरवर, ठरावीक वेगचक्राने आणि ठरलेल्या संदर्भ-इंधनावर होते. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावर प्रत्यक्ष चालवून तपासणीही आली. घाटातला भार त्या चाचणीच्या जवळपास येतो, पीयूसीच्या नाही.

शिशाची जागा आज मोठ्या प्रमाणात इथेनॉल घेतंय, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जाणाऱ्या इथेनॉलचा रॉन (ऑक्टेनचा आकडा) सुमारे १०८. ते बाष्प होताना मिश्रण थंडही करतं. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा रॉन ९५ च्या आसपास पोचतो. टर्बोला हे मानवतं. त्यात ऊर्जा कमी असल्याने अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या-सीलना ते चालतं का, हे वेगळं पाहावं लागतं. आपल्या इंजिनाला किमान किती ऑक्टेन हवं, ते मॅन्युअलमध्ये किंवा बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.